मानस

चोडणच्या उपकेंद्रात सोमवारी बीपीची रांग लागते.
म्हाबळू कुंकळ्येकार शेवटी बसतो,
मासळीच्या पिशवीसकट.
दंडावर पट्टा फुगत जातो, तो छताकडे बघतो.
मी आकडा सांगते : वरचा एकशे अठ्ठ्याहत्तर,
खालचा एकशे चार.
"वाडलां न्हय गो?" तो हसून विचारतो,
नातवाचे गुण वाढल्यासारखा.

सहा वर्षं मी तेच सांगत आले.
मीठ कमी, गोळी रोज, अर्धा तास चाला.
सहा वर्षं त्याने मान हलवली.
माझ्या रजिस्टरात त्या मान हलवण्याला रकाना आहे :
समुपदेशन केले. पुढे बरोबरची खूण.

मीठ त्याने खरंच सोडलं होतं,
पानाच्या कोपऱ्यातलं, चिमूटभर.
खारातली तोरं म्हणजे मीठ नव्हे, ती तोरं.
सुका बांगडा म्हणजे बांगडा.
गोळीचं शास्त्र तर त्याहून साफ :
डोकं जड झालं की एक.
आकडा उतरला त्या महिन्यात एकही नाही,
बऱ्या माणसाने औषध का घ्यावं?
उरलेल्या पट्ट्या त्याने शेजारच्या रुझारला दिल्या.
त्याचंही डोकं दुखायचं.

पट्टीच्या पाठीवर मुंग्यांएवढी इंग्रजी अक्षरं.
खरं सांगू, मीही ती कधी पुरती वाचली नव्हती.

मागच्या आश्विनात पट्टा सोडवताना सहज विचारलं,
काका, तुम्ही काम काय करायचात?
सहा वर्षांत पहिल्यांदा.
"मानशीवर होतो. एकतीस वर्षं."

मानस म्हणजे इथे मन नव्हे.
खाजनाच्या बांधातलं लाकडी दार,
भरतीला मिटायचं, ओहोटीला सोडायचं,
आणि त्याच्यासोबत कुणीतरी जागायचं.
मग तो बोलतच गेला.
घड्याळ कधी बांधलं नाही,
चंद्र बघून पाण्याची वेळ सांगायचा.
बांध लाटेने फुटत नाही म्हणाला,
कुर्ल्या आतून बिळं पाडतात.
वर गवत हिरवंगार, गुरं चरत असतात,
आणि पुनवेचं पाणी चढतं त्या रात्री
सगळ्या शेतात खारं.
त्या वर्षी भात नाही. पुढल्या वर्षीही नाही.

पट्टा माझ्या हातात अर्धाच गुंडाळलेला.
म्हणाले, काका, तुमच्या अंगातही बांध आहे.
हा आकडा म्हणजे दाराबाहेर पाणी किती चढलंय ते.

तो गप्प.
"मागीर दुखना कित्याक?"

बांधाला दुखतं?

रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या.
"काल भरती आवरली," तो स्वतःशीच म्हणाला,
"म्हणून आज कोण मानस उघडी टाकून निजतो?"
मग माझ्याकडे बघून, जरा रागानेच,
"हें पयलींच सांगपाक जाय आशिल्लें."

डिसेंबरात एकशे बेचाळीस.
जानेवारीत पुन्हा साठ, घरात लग्न होतं,
तोरांची बरणी कुणी लपवली नाही.
फेब्रुवारीत रुझार पडला, खाजनाच्या वाटेवरच.
उजवा हात गेला, अर्धं तोंड गेलं.
त्याचं नाव माझ्या रजिस्टरात कधीच नव्हतं.

म्हाबळू आता रोज संध्याकाळी त्याच्याकडे जातो.
आपली गोळी त्याच्यासमोर घेतो, त्याच्याच तांब्यातल्या पाण्याने.
दोघं काय बोलतात ठाऊक नाही.
रुझारला आता बोलता येत नाही धड.

खूण करण्याआधी मी हल्ली थांबते.
विचारते, काय समजलं ते तुम्ही मला सांगा.
कुणी सांगतं, कुणी पदरात हसतं,
एकीने मलाच विचारलं, तुझा आकडा किती गो बाय?
मी कधी बघितला नव्हता.

धक्क्यावर फेरीबोटीचा भोंगा वाजतो,
आणि अर्धी रांग उठून जाते.